पीआरपी इंजेक्शनचा इतिहास आणि ‘तुलना कशाशी?’ हा साधा प्रश्न

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आजचा लेख थोडा लांब आहे, पण चहा घेऊन बसलात तर वाचून होईल.

दिवाळीच्या आधी मावशीचा फोन आला. वय ६१. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला उपयोगी भाग गुडघ्यात टोचायचा. अशी तीन इंजेक्शनं. खर्च तिच्या दोन महिन्यांच्या पेन्शनच्या आसपास. “तू एवढं रिसर्च रिसर्च करत असतेस, मग सांग बरं, याचा उपयोग होतो का?”

मी डॉक्टर नाही. माझी पीएचडी वैद्यकीय चाचण्यांच्या इतिहासावर आहे. म्हटलं, “मावशी, दोन दिवस दे, वाचून सांगते.” त्या दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. कारण पहिल्याच संध्याकाळी माझ्यासमोर दोन शोधनिबंध आले. दोन्ही नेदरलँड्समधले, दोन्ही २०१० च्या सुरुवातीला छापलेले, दोन्हींत रुग्णांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी नशिबावर सोडलेली. म्हणजे पद्धतीच्या पुस्तकात ज्याला आपण उत्तम पुरावा म्हणतो, तो. एकाचा निष्कर्ष: पीआरपीचा काही वेगळा उपयोग दिसला नाही. दुसऱ्याचा निष्कर्ष: पीआरपी चांगलंच सरस ठरलं.

एकच वर्ष, एकच देश, एकच नावाचं इंजेक्शन. मग उत्तरं उलटी का? हे समजायला मला मागे जावं लागलं, बरंच मागे. तो प्रवासच आज सांगते.

रक्तातला तिसरा घटक

रक्तात लाल पेशी आणि पांढऱ्या पेशी असतात हे शाळेत शिकलो. तिसरा घटक म्हणजे प्लेटलेट, मराठी पाठ्यपुस्तकातल्या रक्तबिंबिका. आकार जेमतेम दोन ते तीन मायक्रोमीटर, आयुष्य आठदहा दिवसांचं. त्यांचं काम नीट ओळखलं ते इटलीतल्या तुरिन इथल्या जुलिओ बिझोझेरो यांनी, १८८२ च्या सुमारास. जखम झाली की या बिंबिका तिथे चिकटतात आणि रक्त थांबवायला मदत करतात, हे त्यांनी दाखवलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं बिंबिकांची ओळख एवढीच राहिली: गळती थांबवणारी माणसं.

‘प्लेटलेट रिच प्लाझ्मा’, म्हणजे बिंबिका जास्त असलेला रक्तद्रव, हे नावही मूळचं रक्तपेढीचं. १९५० च्या दशकापासून रक्तशास्त्रात ते दिसतं. ज्यांच्या रक्तात बिंबिका फार कमी झाल्यात त्यांना बाहेरून द्यायचा तो पदार्थ. गुडघा, कोपर, खेळाडू यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

संबंध जोडला गेला १९७४ मध्ये, आणि तोही आडवाटेने. अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रसेल रॉस हे संशोधक धमन्या कठीण आणि अरुंद का होतात याचा शोध घेत होते. रॉस मूळचे दंतवैद्य, नंतर विकृतिशास्त्राकडे वळलेले. प्रयोगशाळेत माकडाच्या धमनीतल्या स्नायूपेशी वाढवताना एक गोष्ट दिसली. रक्त गोठल्यावर उरणारं सीरम घातलं की पेशी भराभर वाढतात. पण बिंबिका आधीच काढून टाकलेल्या रक्तद्रवापासून सीरम बनवलं, तर त्या फारशा वाढत नाहीत. मग त्यात बिंबिका परत घातल्या, तर वाढ पुन्हा सुरू.

हा प्रयोग जरा थांबून बघा. फरक फक्त एकाच गोष्टीचा ठेवला: बिंबिका आहेत की नाहीत. बाकी सगळं शक्य तितकं सारखं. म्हणूनच निष्कर्ष ठाम निघाला की पेशींना वाढायला लावणारं काहीतरी बिंबिकांतून येतं. त्याच वर्षी कोहलर आणि लिप्टन यांनीही दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर असंच दाखवलं. यातून पुढे बिंबिकांपासून मिळणारा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढघटक, ओळखला गेला.

गंमत अशी की रॉस यांच्या कथेत बिंबिका संशयित गुन्हेगार होत्या. धमनीच्या भिंतीला इजा होते, बिंबिका तिथे जमतात, वाढघटक सोडतात, स्नायूपेशी नको तितक्या वाढतात आणि धमनी अरुंद होते, असा त्यांचा सिद्धांत होता. तोच गुण पुढे औषध म्हणून विकला जाणार होता.

जखमेपासून जबड्यापर्यंत

पेशी वाढवणारा पदार्थ हाताशी आहे म्हटल्यावर शल्यचिकित्सकांच्या मनात पहिला विचार आला तो न भरणाऱ्या जखमांचा. मिनेसोटातल्या डेव्हिड नाइटन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ४९ रुग्णांचा अहवाल छापला. रुग्णाच्याच बिंबिकांतून काढलेले घटक जुन्या, चिघळलेल्या जखमांवर लावले आणि बऱ्याच भरल्या. पण या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. या रुग्णांची जखम नीट साफ होत होती, नियमित ड्रेसिंग होत होतं, देखरेख होती. मग जखम बिंबिकांनी भरली की देखरेखीने? पुढे १९९० आणि १९९१ मध्ये तुलनेच्या गटासह छोट्या चाचण्या झाल्या. नाइटन यांची स्वतःची चाचणी ‘हो’ म्हणाली, क्रुप्स्की आणि सहकाऱ्यांची ‘नाही’. म्हणजे आपला गोंधळ जुनाच आहे.

त्याच सुमारास, १९८७ मध्ये, इटलीत हृदयशस्त्रक्रियेत रुग्णाचंच बिंबिकायुक्त रक्तद्रव वेगळं काढून ठेवायचं तंत्र फेरारी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. हेतू वेगळा होता: दुसऱ्याचं रक्त कमी चढवावं लागावं.

मोठी उडी घेतली दंतशल्यचिकित्सेने. मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८ मध्ये ८८ रुग्णांचा अभ्यास छापला. जबड्याच्या हाडात मध्ये खंड पडलेला, तिथे हाडाचं कलम करायचं. ४४ जणांच्या कलमात पीआरपी मिसळलं, ४४ जणांच्या नाही. पीआरपी असलेलं कलम क्ष-किरण चित्रांत १.६२ ते २.१६ पट वेगाने पक्व होताना दिसलं. इथे तुलना होती आणि ती चांगली होती: तेच कलम, पीआरपीसह आणि पीआरपीशिवाय.

या निबंधाने पीआरपी हे नाव घराघरात नाही, तरी दवाखान्यादवाखान्यात पोचवलं. टेबलावर मावेल एवढा सेंट्रीफ्यूज आणि तयार किट आलं की कुणालाही ते करता येऊ लागलं. तत्त्व सोपं आहे. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालायचं आणि नळी गरगर फिरवायची. जड लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर रक्तद्रव राहतो आणि मध्ये पांढऱ्या पेशी आणि बिंबिकांचा पातळ थर. वरचा भाग घ्यायचा. काही पद्धतींत तो पुन्हा जास्त वेगाने फिरवून बिंबिका आणखी दाट करतात.

‘दाट’ म्हणजे किती? आपल्या रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख बिंबिका दर मायक्रोलिटरला असतात. मार्क्स यांनी २००१ मध्ये कामचलाऊ व्याख्या दिली: पाच मिलिलिटर द्रवात दर मायक्रोलिटरला दहा लाख. ही व्याख्या हाडाच्या कलमाच्या अनुभवावरून आलेली होती. कंडरा, स्नायू, गुडघ्यातली कूर्चा यांना किती लागतात हे त्या व्याख्येत नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

कोपर, आणि पाच माणसांचा नियंत्रण गट

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे बिघडली की महिनोन्‌महिने बरी होत नाही. टेनिस एल्बो हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. नाव टेनिसचं असलं तरी पिळे घालून कपडे धुणाऱ्यांना, सुताराला, रंगाऱ्यालाही होतो.

कॅलिफोर्नियातल्या अॅलन मिश्रा आणि पावेल्को यांचा २००६ चा निबंध या क्षेत्रात सगळ्यांनी उद्धृत केला. १४० रुग्ण तपासले, त्यातले हट्टी दुखण्याचे २० निवडले. १५ जणांना पीआरपी, ५ जणांना नुसतं भूल देणारं औषध. आठ आठवड्यांनी पीआरपी गटाची वेदना ६० टक्क्यांनी कमी, दुसऱ्या गटाची १६ टक्क्यांनी. दोनेक वर्षांनी पीआरपी गटाची वेदना ९३ टक्क्यांनी कमी.

हा ९३ आकडा जाहिरातींत आजही भेटतो. आता निबंधाच्या आत जाऊया. गटवारी नशिबावर सोडलेली नव्हती. नियंत्रण गटात पाच माणसं, आणि आठ आठवड्यांनंतर त्यातली तीन गळाली किंवा दुसऱ्या उपचारांकडे गेली. म्हणजे दोन वर्षांचा ९३ टक्के हा आकडा आहे, पण त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडाच नाही. टेनिस एल्बो अनेकांचा वर्ष-दीड वर्षात आपोआपही कमी होतो. मग ९३ मधले किती टक्के पीआरपीचे आणि किती काळाचे?

लेखकांनी हे लपवलेलं नाही बरं का. प्राथमिक अभ्यास म्हणूनच तो मांडला होता. चूक झाली ती उद्धृत करणाऱ्यांची. मिश्रा यांनी पुढे २३० रुग्णांची मोठी चाचणीही केली, ती २०१४ मध्ये छापली. त्यात दुसऱ्या गटालाही भूल देऊन सुईने कंडरेला टोचे मारले होते. २४ आठवड्यांनी यश पीआरपी गटात ८३.९ टक्के, दुसऱ्यात ६८.३ टक्के. फरक आहे. पण पीआरपी न घेतलेल्यांपैकीही शंभरात ६८ बरे झाले, हेही त्याच तक्त्यात आहे.

मैदान

विज्ञान इथपर्यंत आलं होतं तेवढ्यात प्रसिद्धी आली. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याआधी पिट्सबर्ग स्टीलर्सच्या हाइन्स वॉर्डच्या गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला. त्याने पीआरपी घेतलं, तो खेळला, संघ जिंकला. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी केली. गोल्फर टायगर वूड्सनेही हे इंजेक्शन घेतल्याचं सांगितलं. त्यानंतर कुठल्याही क्रीडावैद्यकाच्या खोलीत रुग्ण स्वतःहून विचारू लागले, “ते रक्ताचं इंजेक्शन मला द्याल का?”

एका खेळाडूची गोष्ट ऐकायला छान असते. पण त्यात नियंत्रण गट कोण? इंजेक्शन न घेतलेला हाइन्स वॉर्ड. तो अस्तित्वात नाही.

उत्तेजकविरोधी संस्था वाडा हिलाही धास्ती वाटली. २०१० च्या यादीत स्नायूत दिलेल्या पीआरपीवर बंदी आली. २०११ च्या यादीत ती उठली, कारण कामगिरी वाढते असा पुरावा नव्हता.

आणि दार कुणी अडवलं नाही का? गोळी बाजारात आणायची तर कंपनीला मोठ्या चाचण्या कराव्या लागतात. पीआरपी हे रुग्णाचंच रक्त. अमेरिकेत एफडीएने परवानगी दिली ती रक्त फिरवणाऱ्या उपकरणांना, तीही मुख्यतः हाडाच्या कलमात मिसळण्यासाठी. कोपरात किंवा गुडघ्यात टोचणं हा डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर केलेला वेगळा वापर. त्यामुळे ‘आधी चाचणी, मग वापर’ हा क्रम उलटा झाला. चाचण्या आल्या त्या वापर पसरल्यानंतर.

२०१० चे ते दोन निबंध

आता परत सुरुवातीला येऊ.

पहिला निबंध डी व्होस आणि सहकाऱ्यांचा, जानेवारी २०१० चा. टाचेमागची अकिलीस कंडरा जुनाट दुखणारे ५४ रुग्ण. अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाईन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. रक्त सगळ्यांचं काढलं, सुई सगळ्यांना टोचली, सिरिंज झाकलेली, म्हणून कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळलं नाही. व्यायाम दोन्ही गटांना सारखाच. २४ आठवड्यांनी शंभर गुणांच्या मापावर पीआरपी गट २१.७ गुणांनी सुधारला, सलाईनचा गट २०.५ गुणांनी. फरक नगण्य.

दुसरा निबंध पीरबूम्स आणि सहकाऱ्यांचा. टेनिस एल्बोचे १०० रुग्ण. ५१ जणांना पीआरपी, ४९ जणांना स्टिरॉइड. एका वर्षानंतर वेदनेच्या मापावर यशस्वी ठरले पीआरपी गटातले ७३ टक्के आणि स्टिरॉइड गटातले ४९ टक्के. फरक ठसठशीत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, टाच वेगळी, कोपर वेगळं, एवढंच असेल. तसं असूही शकतं. पण दुसरा फरक माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसला नव्हता. पहिल्यात तुलना सलाईनशी, दुसऱ्यात स्टिरॉइडशी. दोन निबंधांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिलेलीच नाहीत. त्यांनी दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत.

स्टिरॉइड हा सध्याचा रूढ उपचार, मग त्याच्याशी तुलना केली तर बिघडलं काय? काही नाही, एका अटीवर. तुमचा प्रतिस्पर्धी स्वतःच्या पायावर उभा असला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये टेनिस एल्बोच्या १६५ रुग्णांवर स्टिरॉइडची तुलना नकली इंजेक्शनशी केली. वर्षभराने पूर्ण किंवा बऱ्यापैकी बरे झालेले स्टिरॉइड गटात ८३ टक्के, नकली इंजेक्शनच्या गटात ९६ टक्के. दुखणं उलटल्याचं प्रमाण स्टिरॉइड गटात ५४ टक्के, दुसऱ्यात १२. म्हणजे स्टिरॉइडने सुरुवातीला आराम पडतो, पण वर्षाच्या हिशेबात ते माणसाला मागे ओढतं.

आता ७३ विरुद्ध ४९ पुन्हा वाचा. दोन माणसं शर्यतीत धावली आणि दोघांत अंतर पडलं. पहिला जोरात धावला की दुसरा लंगडत होता? फक्त अंतर मोजून हे सांगता येत नाही. तिसरा, साधा चालणारा माणूस शेजारी हवा.

तो तिसरा माणूस आणला डेन्मार्कच्या क्रोग आणि सहकाऱ्यांनी, तेही २०१३ मध्ये. टेनिस एल्बोचेच ६० रुग्ण, तीन गट: पीआरपी, स्टिरॉइड, सलाईन. पहिल्या महिन्यात स्टिरॉइड पुढे. तीन महिन्यांनी वेदनेत तिन्ही गटांत ठोस फरक नाही. पुढे २०२१ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने टेनिस एल्बोवरचे ३२ अभ्यास आणि २३३७ रुग्ण एकत्र पाहिले आणि म्हटलं, नकली इंजेक्शनच्या तुलनेत रुग्णाला जाणवेल असा फायदा बहुधा नाही. टाचेच्या कंडरेवरही २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या २४० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी गुण जवळपास सारखेच निघाले: पीआरपी ५४.४, नकली इंजेक्शन ५३.४.

स्नायूचंही तेच

मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, धावपटू आणि फुटबॉलपटूंचा शत्रू. इथे तीन चाचण्या ओळीने ठेवा. मलेशियातली २०१४ ची, २८ रुग्ण: पीआरपी आणि व्यायाम विरुद्ध नुसता व्यायाम. खेळायला परतायला सरासरी २६.७ दिवस विरुद्ध ४२.५ दिवस. पीआरपीचा विजय. पण दुसऱ्या गटाला सुईच नव्हती, त्यामुळे कुणाला काय मिळालं हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक होतं. नेदरलँड्समधली त्याच वर्षीची, ८० खेळाडू, तुलना सलाईनशी: दोन्ही गटांत ४२ दिवस. कतारमधली २०१५ ची, ९० खेळाडू, तीन गट: पीआरपी २१ दिवस, बिंबिका काढून टाकलेलं रक्तद्रव २७ दिवस, इंजेक्शनच नाही २५ दिवस. पीआरपी आणि ‘काहीच नाही’ यांतला फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता. फक्त बिंबिकाविरहित रक्तद्रवाशी तुलना केली तर पीआरपी पुढे दिसलं.

कतारच्या अभ्यासात मधला गट नेमका रॉस यांच्या १९७४ च्या प्रयोगासारखा आहे, लक्षात आलं का? बाकी सगळं तेच, फक्त बिंबिका नाहीत. चाळीस वर्षांनी माणसांवर तोच प्रश्न विचारला गेला. आणि तिसरा गट नसता तर त्या निबंधाचा मथळा वेगळा झाला असता.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

इथपर्यंत वाचून “म्हणजे सगळं फसवं आहे” असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. मग माझ्या गाईडनी विचारलं, “सिरिंजमध्ये काय होतं ते तरी बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. बघितल्यावर गुंता वाढला. काही पद्धतींत पांढऱ्या पेशी राहतात, काहींत गाळल्या जातात. काहींत बिंबिका दुप्पट, काहींत पाचपट. डोहान एरेनफेस्ट यांनी २००९ मध्ये यांचं चार कुळांत वर्गीकरण केलं. मॅझोका आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की पद्धत बदलली तर पदार्थ बदलतोच, पण पद्धत तीच ठेवून एकाच माणसाचं रक्त वेगळ्या दिवशी घेतलं तरी बदलतो. २०१७ च्या एका आढाव्यात १०५ अभ्यास तपासले. दुसऱ्याला तसंच करून बघता येईल इतकी स्पष्ट कृती लिहिलेले फक्त ११. शेवटी सिरिंजमध्ये किती काय होतं याचे आकडे दिलेले १७. आपण पुरणपोळीची कृतीसुद्धा याहून नीट लिहितो.

मावशीच्या गुडघ्याचा प्रश्न इथेच अडकतो. चंदिगढच्या पीजीआयमध्ये पटेल, धिल्लन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ७८ रुग्णांच्या १५६ गुडघ्यांवरची चाचणी छापली. तुलना सलाईनशीच, पांढऱ्या पेशी गाळलेलं पीआरपी. सहा महिन्यांनी पीआरपी स्पष्ट सरस. उलट ऑस्ट्रेलियातली २०२१ ची रिस्टोअर चाचणी: २८८ रुग्ण, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, पुन्हा सलाईनशी तुलना, वर्षभर पाठपुरावा. वेदना दहाच्या मापावर पीआरपी गटात २.१ ने कमी, सलाईन गटात १.८ ने. कूर्चेची झीज दोन्हींत जवळपास सारखी.

पीआरपीच्या बाजूचे डॉक्टर म्हणतात, रिस्टोअरमध्ये बिंबिकांची मात्राच कमी होती. ही तक्रार हवेतली नाही. औषधाची मात्रा न ठरवता ‘औषध चालत नाही’ म्हणणं चूकच. पण मग हाच नियम ‘चालतं’ म्हणणाऱ्या अभ्यासांनाही लावायला हवा. आणखी एक मुद्दाही खरा आहे: सलाईन म्हणजे ‘काहीच नाही’ असं गृहीत धरतो, पण कंडरेत सुई गेली की तिथे थोडं रक्त येतं, म्हणजे बिंबिकाही येतात. तुलनेचा गट निवडणं हा तांत्रिक रकाना भरण्याचा भाग नाही. तिथेच तुमचा प्रश्न ठरतो.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

तीन आठवड्यांनी मी माझ्या वहीत तीन ओळी लिहिल्या. विषय तुमचा शेतीचा असो, शिक्षणाचा असो, त्या कामी येतील.

एक. लिटरेचर रिव्ह्यूचा तक्ता करताना ‘निष्कर्ष’ या रकान्याआधी ‘तुलना कशाशी’ हा रकाना टाका. मी तो टाकला तेव्हा परस्परविरोधी वाटणारे अर्धे निबंध भांडायचे थांबले.

दोन. एकच नाव असलेल्या दोन गोष्टी एकच आहेत असं मानू नका. ‘पीआरपी’ तसंच ‘ई-लर्निंग’, ‘सेंद्रिय खत’, ‘बचत गट’. आत नेमकं काय आहे ते लिहा, दुसऱ्याला तसंच करता येईल इतकं.

तीन. जो आकडा सगळे उद्धृत करतात त्याचा मूळ निबंध उघडा आणि नियंत्रण गटात शेवटपर्यंत किती जण उरले ते मोजा. कधी कधी दोन निघतात.

मावशी

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही, कंटाळली असती. एवढंच म्हटलं की इंजेक्शनने नुकसान होतं असं फारसं दिसत नाही, पण मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा ते किती जास्त काम करतं यावर जाणत्यांतच एकमत नाही. आणि डॉक्टरांना विचारायला दोन प्रश्न दिले: “माझ्या इंजेक्शनमध्ये बिंबिका किती असतील, ते तुम्ही मोजता का?” आणि “हे न घेता मी तीन महिने नियमित व्यायाम केला तर किती फरक पडेल?”

आठवड्याने तिचा फोन आला. डॉक्टरांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं म्हणे: आधी व्यायाम करून बघा, मांडीचे स्नायू बळकट झाले तर दुखणं बरंच कमी होऊ शकतं. पहिल्या प्रश्नावर ते म्हणाले, “मोजत नाही, किटवर लिहिलेलं असतं.” सध्या ती रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम करते. गुडघा थोडा बरा आहे म्हणते.

“व्यायामानेच ना गं?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “मावशी, ते सांगायला दुसरी मावशी लागेल. व्यायाम न करणारी.”